पुढचा ब्रेक किती दाबायचा? आणि हेल्मेटनंतर आधी काय घ्यायचं?

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. आतापर्यंत १२५ सीसीची सीबीएसवाली (पायाचा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो ती) गाडी होती, दोन्ही चाकांना ड्रम. आता १६० सीसी घेतली आहे. पुढे डिस्क, सिंगल चॅनल एबीएस (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), मागे ड्रम. रोज पाटण ते कराड, आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण.

प्रश्न असे आहेत. पुढचा ब्रेक दाबायला हात धजत नाही. "पुढचा दाबलास की पालथा" हेच कायम ऐकलंय. नुसता मागचा दाबला तर पावसात मागचं चाक सरकतं. एबीएस आल्यावर नक्की काय बदलतं? सराव कसा करायचा?

दुसरं म्हणजे संरक्षणाच्या सामानासाठी साधारण ८,००० रुपये बाजूला काढले आहेत. सध्या फक्त अर्धं हेल्मेट आहे. जॅकेट आधी घ्यावं का? घरचे म्हणतात एवढ्या उन्हात जॅकेट कोण घालतं.

ब्रेकपॉइंट:

ब्रेकचं आधी बोलतो, कारण गाडी वेळेत थांबली तर जॅकेटची पाळीच येत नाही.

पुढच्या ब्रेकने माणूस पालथा पडतो तो तीन वेळा: लिव्हर एकदम खेचली तर, हँडल वळलेलं असताना खेचली तर, किंवा टायरखाली खडी-माती असली तर. सरळ, कोरड्या डांबरावर चढत्या दाबाने दाबला तर गाडी थांबवण्याचं खरं काम तोच करतो. हिशोब बघा. गाडी १४० किलो, तुम्ही ७० किलो, एकूण २१०. उभ्या गाडीत साधारण १०० किलो पुढच्या चाकावर, ११० मागच्यावर. कडक ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं आणि तेच आकडे साधारण १७० आणि ४० होतात. मागच्या चाकावर ४० किलोच उरले, तर ते रस्ता धरणार किती? म्हणून तुमचं मागचं चाक सरकतं. तो मागच्या ब्रेकचा दोष नाही, त्याच्याकडून जास्त मागितलं जातंय.

ताशी ६० ला वाहन सेकंदाला जवळपास १७ मीटर जातं. समोरचा धोका दिसून बोटं लिव्हरवर दाब देईपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात १७ मीटर गेले. त्यापुढे दोन्ही ब्रेक नीट लावले तर कोरड्या रस्त्यावर अजून २० मीटर लागतात. नुसता मागचा लावला तर ४५ च्या पुढे. म्हणजे दोन्ही ब्रेकवाली गाडी जिथे उभी राहिली, तिथून मागच्या ब्रेकवाली अजून ताशी ४५ च्या वेगाने पुढे जात असते. हा आकडा मनात पक्का बसू द्या. ताशी ८० ला तेच २२ अधिक ३५, म्हणजे ५७ मीटर. रस्ता ओला असेल तर ६० लाच ४५ मीटर धरून चाला.

आता बोटांचं काम. लिव्हर ओढायला लागलात की सुरुवातीला ती मोकळी येते, मग पॅड डिस्कला टेकतात आणि बोटांना घट्टपणा जाणवतो. तिथे अर्धा क्षण द्या. पुढचे शॉकअप खाली बसतात, पुढचा टायर रस्त्यावर दाबून पसरतो. आता त्याच्याकडे पकड आली. इथून पुढे दाब वाढवत न्या, लिंबू पिळताना वाढवतो तसा. "एक" म्हणताना टेकवायचं, "दोन" म्हणताना पिळायचं. अपघात होतात ते "एक" गाळून थेट "दोन" केल्याने. शॉकअप बसण्याआधीच चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरतं.

त्याच वेळी पाय मागच्या ब्रेकवर हलका. दाब शेवटपर्यंत तसाच ठेवू नका. वजन पुढे गेलं की पायाचा दाब थोडा कमी करायचा, कारण मागच्या चाकाला तेवढा पेलवत नाही. गुडघ्यांनी टाकी धरायची. हे केलं नाही तर सगळं अंग हँडलवर येतं, कोपरं ताठ होतात आणि हँडल डगमगतं. क्लच शेवटी दाबा आणि थांबेपर्यंत पहिल्या गिअरवर या, म्हणजे मागून ट्रक येत असेल तर बाजूला निघता येतं. नजर समोरच्या अडथळ्यावर खिळवू नका. जिथून निसटायचं त्या मोकळ्या जागेकडे बघा. आपण बघतो तिकडेच गाडी जाते.

एबीएस: चाक लॉक व्हायला लागलं की ते क्षणभर दाब सोडतं आणि पुन्हा लावतं, सेकंदाला कित्येक वेळा. लिव्हर बोटांखाली धडधडते. त्या धडधडीला घाबरून लिव्हर सोडायची नाही, धरून ठेवायची. नव्या एबीएसवाल्यांची हीच चूक सर्रास होते. तुमच्या गाडीत सिंगल चॅनल आहे, म्हणजे ते फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक अजूनही लॉक होणार, ती जबाबदारी तुमच्या पायावर. आणि हे साधं एबीएस सरळ ब्रेकसाठी आहे. गाडी वळणात झोपलेली असताना ते चाकाला आडवं घसरण्यापासून वाचवत नाही. मोकळ्या खडीवर तर थांबायचं अंतर उलट वाढू शकतं.

मागचं चाक लॉक झालं आणि गाडी सरळ असेल तर पाय सावकाश हलका करा. शेपूट बऱ्यापैकी बाजूला गेलं असेल तर पाय झटक्यात सोडू नका. चाकाला अचानक पकड आली की गाडी झटका देऊन उलट बाजूला स्वाराला फेकते. जुन्या, बिनाएबीएसच्या गाडीचं पुढचं चाक लॉक झालं तर उलट: ताबडतोब सोडा आणि पुन्हा पिळा.

सराव. मोकळं, कोरडं, डांबरी किंवा काँक्रीटचं मैदान, ५० मीटर तरी लांब. सोबत एक जण उभा ठेवा. आधी ताशी २० ला फक्त पुढचा ब्रेक, दहा वेळा, "एक-दोन" मोठ्याने म्हणत. मग ३०. मग दोन्ही ब्रेक, ३० आणि ४०. खुणेच्या जागीच ब्रेक सुरू करायचा आणि कुठे थांबलात ते मोजायचं. अंतर तीन-चार वेळा सारखं येऊ लागलं की वेग १० ने वाढवा. शेवटी ताशी ३० ला मुद्दाम लिव्हर जोरात दाबून एबीएसची धडधड एकदा हाताला ओळखीची करून घ्या. दर आठ-दहा वेळांनी पाच मिनिटं डिस्क थंड होऊ द्या. ४० मिनिटांच्या वर करू नका, थकलेली बोटं चुकीची सवय लावतात.

गॅरेजकोपरा:

वरचं सगळं बरोबर आहे, पण आधी गाडी त्या लायक आहे का ते बघा. नवी गाडी असली तरी.

लिव्हरची जागा: सीटवर बसून हात सरळ पुढे करा. मनगट वर किंवा खाली न मोडता बोटं लिव्हरवर पडली पाहिजेत. बहुतेक गाड्यांत लिव्हरचा क्लॅम्प दोन बोल्ट ढिले करून फिरवता येतो. फुकटचं काम आहे, कोणी करत नाही.

मागचा ड्रम: पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळा खेळ असावा. त्याहून जास्त असेल तर पाय उशिरा पोचतो. कमी असेल तर लायनर चाकाला घासत राहतात, ड्रम तापतो आणि घाट उतरताना ब्रेक मऊ पडतो. दर साखळी साफ करताना हा खेळ बघा, कारण साखळी ताणायला चाक मागे घेतलं की ब्रेकच्या रॉडचं मापही बदलतं. जुनी सीबीएसची गाडी घरात कोणी वापरत असेल तर लक्षात ठेवा: मागच्या ब्रेकचा नट आवळला तरी पुढे जाणाऱ्या केबलचा ताण वेगळा बघावा लागतो. तो ढिला राहिला तर पायाचा ब्रेक पुढच्या चाकापर्यंत पोचतच नाही आणि सीबीएस नावापुरतं उरतं. आणि सीबीएस ब्रेक वाटून देतं, लॉक थांबवत नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं, १२५ आणि त्याखालच्यांना तेव्हा सीबीएस पुरेसं धरलं गेलं. लोक दोन्ही एकच समजतात.

पुढची डिस्क: पॅडच्या लायनिंगवर एक खाच असते, ती दिसेनाशी व्हायच्या आत पॅड बदला. नवे पॅड टाकल्यावर पहिले शंभर-दोनशे किलोमीटर हळूहळू दाबा, पूर्ण पकड लगेच येत नाही. ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, बहुतेक डॉट ४. दोन वर्षांनी बदलायचंच, किलोमीटर कमी झाले असले तरी. ते हवेतला ओलावा पितं. ओलावा शिरला की उकळायचा बिंदू खाली येतो, लांब उतारावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलपर्यंत मऊ येते. डॉट ५ वेगळ्या जातीचं असतं, सिलिकॉनचं. नावाच्या आकड्यावर जाऊन ते टाकू नका.

साखळीला स्प्रे मारताना मागे-पुढे डिस्क असेल तर फडक्याने झाका. तेलाचा एक थेंब पॅडमध्ये मुरला की पॅड गेले, घासून परत येत नाहीत. गाडी धुणाऱ्याला सांगून ठेवा, डिस्कला पॉलिश नको.

पंक्चरवाल्याकडे पुढचं चाक काढायची वेळ आली तर तिथेच उभे राहा. डिस्कच्या आतल्या बाजूला खाचांची बारीक चकती असते, तिच्यावरून एबीएसचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो. चाक जमिनीवर त्या बाजूने आडवं टाकून वर पाय दिला की ती वाकते आणि एबीएसचा दिवा लागून राहतो. चावी फिरवल्यावर दिवा लागणं बरोबर आहे, गाडी थोडी चालल्यावर तो विझायला हवा. विझला नाही तर एबीएस बंद आहे. साधा ब्रेक चालतो, पण लॉक होऊ शकतो हे धरून चालवा.

टायरची हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, साखळीच्या कव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे. डबलसीट असताना मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच लिहिलेला असतो. टायरच्या भिंतीवर चार आकडी छाप असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर दगडासारखं होतं आणि पहिल्या पावसात तेच घसरतं.

मेशवाला:

सामानाचा क्रम सांगतो. हेल्मेट, हातमोजे, बूट, मग गुडघ्याचे पॅड आणि जॅकेट. ८,००० मध्ये जॅकेट आधी घेऊ नका.

अर्धं हेल्मेट आजच बाजूला ठेवा. हनुवटी उघडी राहते, आणि पुढे पडणारा माणूस बहुधा तोंडावरच येतो. पूर्ण हेल्मेट घ्या. आयएसआय खूण हवीच, १ जून २०२१ पासून बिनाखुणेचं दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. भारतीय मानक आयएस ४१५१. रस्त्याकडेच्या ढिगात खोट्या खुणेची स्टिकर असतात, म्हणून दुकानातून बिल घेऊन घ्या. त्यावर युरोपचं ईसीई २२.०६ असेल तर अजून चांगलं, त्यात तिरकस आघाताचीही चाचणी होते आणि रस्त्यावर डोकं बहुधा तिरकंच आपटतं.

पण मानकापेक्षाही मापात जास्त चुका होतात. टेप भुवयांच्या जरा वर, डोक्याच्या सर्वांत रुंद भागावरून फिरवा. ५८ सेंटिमीटर आलं तर ५८० लिहिलेलं. घातल्यावर गाल आत दाबले गेले पाहिजेत. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरलं तर मोठं आहे. मग पट्टा लावा, मागची खालची कड धरून पुढे उचला. डोक्यावरून निघालं तर ते हेल्मेट अपघातात तुमच्याआधी रस्त्यावर पोचेल. पट्टा आणि गळा यात दोन बोटं. दुकानात दहा मिनिटं घालून बसा. कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर आकार तुमचा नाही, तो नंतर "सैल होईल" म्हणून घेऊ नका.

आतलं थर्माकोलसारखं अस्तरच खरं काम करतं: आघातात ते चेपतं आणि डोक्याला थांबायला थोडं अंतर देतं. एकदा चेपलं की परत फुगत नाही. म्हणून आपटलेलं हेल्मेट बाहेरून छान दिसलं तरी बाद. पेट्रोल, थिनर, रंग लावू नका. काच रात्रीसाठी पारदर्शकच. काळी काच लावून संध्याकाळी ऊसाच्या ट्रॉलीच्या मागे जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं आहे, कराड भागात हंगामात बिनादिव्याच्या ट्रॉल्या किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे.

हातमोजे दुसरे, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो, ते डोकं ठरवत नाही. तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर कडक, गुळगुळीत पट्टी असलेले घ्या. नुसतं रबर किंवा कापड तिथे रस्त्याला चिकटतं, हात अडकतो आणि मनगटातलं हाड मोडतं. पट्टी असली की हात घसरत जातो. मनगटावर पट्टा हवाच. बूट घोट्याच्या वर, लेस आत खोचलेली. लेस गिअरच्या लिव्हरमध्ये अडकते आणि सिग्नलला पाय टेकवताना गाडीसकट माणूस पडतो.

साधारण हिशोब: हेल्मेट २,५०० ते ३,०००, हातमोजे १,५०० ते २,०००, गुडघ्याचे आणि कोपराचे पट्ट्याने बांधायचे पॅड १,५०० च्या आसपास, उरलेल्यात बूट. जॅकेट पुढच्या दिवाळीला.

घाटमाथा:

मेशवाला यांचा क्रम मला घाटासाठी पटत नाही. शहरात ताशी ४० ला तो बरोबर. पण महिन्यातून दोनदा कुंभार्ली आणि हायवे असेल तर जॅकेट इतकं मागे टाकू नये. पट्ट्याने बांधलेले कोपराचे पॅड घसरताना फिरतात आणि जिथे हवेत तिथून सरकतात. जॅकेटच्या कप्प्यातला पॅड जागेवर राहतो. माझ्या मते बूट सध्या घरातले घोट्यापर्यंतचे चामडी चालवा आणि ते पैसे जाळीच्या जॅकेटसाठी साठवा.

उन्हाचं म्हणाल तर जाळीचं जॅकेट चालत्या गाडीवर फारसं गरम लागत नाही, वारा आरपार जातो. त्रास सिग्नलला आणि थांबल्यावर होतो. आत सुती बनियन ओला करून घालायचा आणि पाणी पीत राहायचं. ४० अंशांत काळा रंग टाळा.

घेताना पाठीचा कप्पा उघडून बघा. बऱ्याच जॅकेटांत खांदा-कोपराला खरे पॅड असतात आणि पाठीत नुसती फोमची पातळ चादर. खऱ्या पॅडवर मोटारसायकलस्वाराचं चित्र आणि ईएन १६२१ हे युरोपचं मानक छापलेलं असतं. पाठीच्या पॅडमधून सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत बळ पलीकडे गेलं तर लेव्हल १, ९ पर्यंतच गेलं तर लेव्हल २. पाठीसाठी लेव्हल २ वेगळा विकत मिळतो, तो घाला. कोपराचा पॅड हात वाकवल्यावर कोपरावरच बसतो का ते गाडीवर बसल्याच्या स्थितीत बघा, दुकानात उभं राहून नव्हे.

मेशवाला:

पाठीच्या पॅडचं एकदम मान्य. क्रमाबद्दल एवढंच म्हणेन की जे सामान रोज अंगावर चढेल तेच आधी घ्यावं. पाटण-कराड रोज आहे, घाट दोनदा. रोज जाळीचं जॅकेट घालणार असाल तर घाटमाथा यांचा क्रम धरा. खुंटीला टांगून ठेवणार असाल तर हातमोजे आणि बूट घ्या, ते रोज वापरले जातात. हे तुमचं तुम्हालाच ठाऊक.

कोयनाकाठ:

सगळ्यांचे आभार. रोज घालेन, त्यामुळे जॅकेटचं बघतो. आणखी दोन-तीन शंका. घाट उतरताना वळणात मध्येच काही आलं तर? मागे घरची मंडळी बसली तर काय बदलतं? साडी असते बऱ्याचदा. आणि सरावाला मैदानावर चुन्याच्या फक्कीने खुणा केल्या तर चालतील ना?

ब्रेकपॉइंट:

घाट उतरताना वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिन गाडी रोखून धरतं आणि मागचा ड्रम तापत नाही. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरू नका.

टायरकडे पकड ठराविकच असते. झोपलेल्या गाडीत ती वळायला खर्च होत असते, ब्रेकसाठी थोडीच उरते. म्हणून वळणात मध्ये गुरं किंवा दरड दिसली आणि समोर जागा असेल, तर आधी गाडी सरळ उभी करा, मग कडक ब्रेक. जागा नसेल तर दोन्ही ब्रेक अगदी हलके, आणि गाडी जशी जशी उभी होत जाईल तसा दाब वाढवा. आंधळ्या वळणावर आपल्या लेनच्या डाव्या भागात राहा, पण कडेच्या खडीवर आणि शेवाळावर जाऊ नका. पावसाळ्यात पांढरे पट्टे, गतिरोधकांवरचा रंग आणि पुलाच्या लोखंडी जोडपट्ट्या यांवर ब्रेक नको, त्या ओलांडून मग दाबा. पहिल्या पावसात पहिला अर्धा तास सर्वांत वाईट, महिन्यांचं तेल आणि धूळ वर तरंगते.

डबलसीट असताना मागच्या चाकावर वजन जास्त राहतं, त्यामुळे मागचा ब्रेक थोडा जास्त कामाचा होतो. पण थांबवायचं वजनही वाढलेलं असतं, अंतर ठेवताना ते धरा. मागच्या व्यक्तीला सांगून ठेवा: ब्रेक लागताना हात टाकीवर किंवा मागच्या हँडलवर, तुमच्या खांद्यावर नको. खांद्यावर भार आला की तो सरळ हँडलमध्ये उतरतो.

गॅरेजकोपरा:

साडीचं: मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हातधरणी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं साडीगार्ड हवंच. दिसायला बरं नाही म्हणून नव्या गाडीचं साडीगार्ड काढू नका. पदर कमरेला खोचून, ओढणी असेल तर पाठीमागे गाठ मारून जॅकेटच्या आत. रेनकोटची सैल पँटही साखळीकडच्या बाजूने घोट्याला बांधा. एका बाजूला पाय सोडून बसण्यापेक्षा दोन्हीकडे पाय टाकून बसणं ब्रेक लागताना खूप सुरक्षित, सलवार-कमीज असेल तर तोच आग्रह धरा. मागच्यालाही हेल्मेट कायद्याने आहेच, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. न घातल्यास दंड होतो आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं, पण त्यासाठी नको, डोक्यासाठी घ्या. माप वेगळं घ्या, तुमचं जुनं अर्धं हेल्मेट त्यांना देऊ नका.

ब्रेकपॉइंट:

फक्की नको! कोरड्या डांबरावर चुन्याची पूड टायरखाली आली की पावडरवर पाय ठेवल्यासारखं होतं, आणि नेमकी तीच जागा जिथे तुम्ही ब्रेक सुरू करणार. खडूने रेघ मारा, किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटल्या रेघेच्या दोन्ही टोकांना, तुमच्या मार्गापासून दोन-दोन मीटर बाहेर ठेवा. थांबलात तिथे पुढच्या चाकाच्या आसाखाली खडूची खूण करा आणि पावलांनी नको, टेपने मोजा. सुरू करण्याआधी मैदान एकदा चालून बघा. पाच रुपयाच्या नाण्याएवढी खडीसुद्धा उचलून टाका.